तेरा चोर आणि आमचा बागुलबुवा

"आजी, तुझी चप्पल दे. खिडकीत ठेवायची आहे."

माझा पाच वर्षांचा नातू हे म्हणाला, तेव्हा मी त्याच खिडकीच्या कट्ट्यावर निरांजन लावून हात जोडत होते. साताऱ्याहून येताना पिशवीतून आणलेली गणपतीची छोटी तसबीर तिथे ठेवली होती. त्या घरात देवाला दुसरी सोयीची जागाच नव्हती. आणि आता हे पोर त्याच कट्ट्यावर पायताण ठेवायला निघाले होते!

"अरे, चप्पल उंबऱ्याच्या बाहेर. खिडकीत कुणी ठेवतं का?" मी म्हटले.

"इथं सगळे ठेवतात," तो ठामपणे म्हणाला. "नाहीतर पहिला भाऊ येऊन रिकाम्या हातानं परत जाईल."

ही गोष्ट ११ डिसेंबर २०१८ ची, आइसलँडची राजधानी रेक्याविक इथली. जावई तिथे एका अभियांत्रिकी कंपनीत नोकरीला होते. लेक, जावई आणि नातू तिथे गेल्याला दीड वर्ष होऊन गेले होते. मला मात्र सवड मिळाली ती ऐन हिवाळ्यात. "डिसेंबरात कुणी आइसलँडला जातं का?" असे साताऱ्यात प्रत्येकाने विचारले. मलाही तेच वाटत होते. पण नातवाला पाहून वर्ष उलटले होते. शेवटी लोकरीचे दोन स्वेटर एकावर एक चढवले आणि विमानात बसले.

चार तासांचा दिवस

विमानतळापासून रेक्याविक साधारण ५० किलोमीटर. वाटेत दोन्ही बाजूंना काळ्या लाव्हाचे ओसाड माळ. झाड म्हणून दिसत नाही. शहर आटोपशीर, घरे रंगीत पत्र्याची आणि काँक्रीटची. टेकडीवर हाल्ग्रिम्सकिर्क्या नावाचे ७४ मीटरहून उंच चर्च. ज्वालामुखीच्या खडकाचे खांब एकाला एक लागून उभे राहतात, तशी त्याची दर्शनी बाजू बांधली आहे. घरात शिरल्यावर मात्र उबदार वाटते, कारण जमिनीच्या पोटातले गरम पाणी नळांतून घराघरांत फिरवलेले असते. न्हाणीघरातल्या गरम पाण्याला उकडलेल्या अंड्यासारखा गंधकाचा वास येतो. पहिल्या दिवशी मी नाक धरले. चौथ्या दिवशी तो वास येईनासा झाला.

ज्याची सवय होईना ती गोष्ट म्हणजे अंधार. सकाळी ११ वाजून गेल्यावर सूर्य उगवायचा आणि दुपारी साडेतीनला मावळायचा. तोही डोक्यावर येत नाही, क्षितिजाच्या कडेकडेने सरकतो आणि खाली उतरतो. मी पाचला उठणारी बाई. पूजा, चहा, नाश्ता, सगळे आटोपले तरी बाहेर मध्यरात्रच. त्या अंधारात लहान मुले पाठीला दप्तर लावून, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या बांधून बालवाडीत जाताना दिसायची. या पोरांना भीती कशी वाटत नाही, असा प्रश्न मला रोज पडे.

घराघराच्या खिडकीत मात्र दिवे. पायऱ्या पायऱ्यांच्या मांडणीवर लावलेले सात लहान दिवे जवळजवळ प्रत्येक खिडकीत दिसत. आपल्या दिवाळीतल्या पणत्यांची आठवण झाली. नाताळला तिथे 'योल' म्हणतात. हा शब्द त्या देशात ख्रिस्ती धर्म येण्याच्या आधीपासूनचा, भर हिवाळ्यातल्या सणाचा. एवढा अंधार असताना मध्ये एक सण हवाच, हे मला दोनच दिवसांत पटले.

एक एक भाऊ डोंगरावरून उतरतो

आता त्या चपलेकडे येते. आइसलँडमध्ये सांताक्लॉज एकटा नाही, ते तेरा भाऊ आहेत. त्यांना म्हणतात 'योलास्वेइनार', म्हणजे नाताळचे पोरगे. त्यांची आई ग्रीला ही राक्षसीण, बाप लेप्पालूदी हा आळशी. सगळे कुटुंब डोंगरात राहते. १२ डिसेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत रोज एक भाऊ गावात उतरतो. आदल्या रात्री मुलांनी खिडकीत एक जोडा ठेवायचा. शहाण्या मुलाच्या जोड्यात सकाळी काहीतरी छोटेसे सापडते: एखादे नारिंग, पेन्सिल, गोळी. हट्टीपणा केला असेल तर निघतो कच्चा बटाटा! २५ तारखेपासून हेच भाऊ एकेक करून परत डोंगरात जायला लागतात आणि ६ जानेवारीला शेवटचा जातो.

नातवाने मला तेराही भावांची नावे पाठ म्हणून दाखवली. माझी जीभ काही वळेना. मग आम्ही दोघांनी मिळून त्यांना मराठी नावे दिली. पहिला 'काठीपाया', कारण त्याचे पाय लाकडासारखे ताठ. तो वाड्यात शिरून मेंढ्यांना पिडतो. दुसरा 'फेसचोर', गोठ्यात दडून दुधाच्या धारेवरचा फेस पळवणारा. तिसरा बुटका स्टूवुर, भांड्याच्या बुडाला लागलेली खरवड खाणारा. मग पळी चाटणारा, पातेले खरवडणारा आणि खाटेखाली लपून लाकडी वाडगे लांबवणारा. सातवा नुसता दारे आपटतो, बाकी काही नाही. आठव्याला 'स्किर' आवडते. स्किर म्हणजे थेट आपला चक्काच, म्हणून तो झाला 'चक्कोबा'. नववा धुरीला टांगलेले सॉसेज चोरतो, दहावा खिडकीतून डोकावतो, अकराव्याचे नाक भले मोठे, बारावा धुराड्यातून आकडा सोडून मांस ओढतो. आणि तेरावा, मुलांच्या मागे मागे फिरून मेणबत्त्या पळवणारा.

"हे सगळे चोरच की रे!" मी म्हटले.

"हो," नातू म्हणाला, "पण भूक लागते म्हणून."

पोराने गंमतीत सांगितले, पण मला ते लागले. नीट पाहिले तर ही चोरीची यादी म्हणजे जुन्या आइसलँडच्या गरिबीची यादी आहे. खरवड, पळीला चिकटलेला घास, दुधाचा फेस. पूर्वी तिथल्या मेणबत्त्या जनावरांच्या चरबीच्या असत, म्हणजे त्याही खाता येत. गवताच्या ढेकळांनी शाकारलेल्या बुटक्या घरांत माणसे लांबलचक हिवाळा काढत. त्या घरांतून चोरायला सोनेनाणे कुठून असणार? तिथे चोरही भांड्याच्या बुडाशीच पोचणार.

मी नातवाला शिंक्यावरचे लोणी चोरणारा आपला कृष्ण सांगितला. त्याने विचारले, "त्याला किती भाऊ?" मी म्हटले, "एक, बलराम." त्याला ते फारच कमी वाटले.

पहिल्या रात्री माझी चप्पल काही मी दिली नाही. गणपतीची तसबीर आणि निरांजन मात्र कपाटावर हलवले आणि कट्टा नातवाच्या लाल बुटाला मोकळा करून दिला. सकाळी बुटात एक नारिंग होते. बाहेर काळोख होता, तरी पोर एका हाकेत उठले. एरवी अर्धा तास उठवावे लागायचे.

माझी चूक

१३ तारखेची संध्याकाळ. लेक कामावरून यायला उशीर होता. नातवापुढे मी वरणभात ठेवला होता. तो ताटात बोटाने रस्ते काढत बसला होता. दोनदा सांगितले, तीनदा सांगितले. मग तोंडातून सवयीने निघून गेले, "जेव बघू मुकाट्यानं. नाहीतर बागुलबुवा येईल. बघ, बाहेर केवढा अंधार आहे! तिथंच उभा आहे तो."

भात संपला, अगदी पाच मिनिटांत. मला आपले बरेच वाटले.

रात्री मात्र पोर झोपेना. खिडकीत बूट ठेवायला जाईना. पडदा ओढून घ्या, दिवा चालू ठेवा, आई इथेच झोप. ते निजेपर्यंत साडेदहा झाले. मग लेक स्वयंपाकघरात आली. मी भांडी विसळत होते.

"आई, तू त्याला काय सांगितलंस?"

मी सांगितले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "इथं आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात तो अंधाराला इतका घाबरायचा, की दुपारी चारनंतर खिडकीकडं पाठ करून बसायचा. मग बालवाडीत हे तेरा भाऊ कळले. अंधारातून कुणीतरी आपल्यासाठी येतंय म्हटल्यावर तो स्वतःहून खिडकीशी जाऊन उभा राहायला लागला. त्याला तिथवर आणायला मला एक अख्खा हिवाळा लागला गं."

मी गप्प. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, "तुला आठवतं? आपल्या वाड्यात परसदारी जायला मी रात्री कुणालातरी उठवायची. दहावीत होते तरी. सगळे हसायचे. माडीच्या जिन्याखाली बागुलबुवा आहे, हे तूच सांगितलं होतंस."

खरे सांगते, मला आठवत नव्हते. माझे त्या वेळी एकत्र कुटुंब, बारा माणसांचा स्वयंपाक, दिवसभर कामाचा रगाडा. पोरगी जेवत नसली की बागुलबुवाला हाक मारणे हा सोपा उपाय होता. माझ्या आईने तेच केले होते आणि तिच्या आईनेही. मी ते वाक्य बोलले आणि दुसऱ्या मिनिटाला विसरले. ती तीस वर्षे विसरली नव्हती.

बटाटा

१४ तारखेच्या सकाळी नातवाच्या ओरडण्याने जाग आली.

"आजी! स्टूवुर आला होता! चल लवकर!"

त्याच्या बुटात रंगीत खडू होते. बूट रात्री आईने ठेवला असावा. आणि शेजारी, मी कधीही न ठेवलेली माझी चप्पल होती. तिच्यात एक कच्चा बटाटा होता. चांगला मूठभर, मातीसकट.

मी लेकीकडे पाहिले, ती जावयांकडे पाहत होती. जावई चहाच्या कपात तोंड घालून बसले होते. "आई, आम्हाला काही माहीत नाही हं," ते म्हणाले, पण त्यांचे खांदे हलत होते.

नातू मात्र गंभीर होता. माझ्या हातावर आपला लहानसा हात ठेवून म्हणाला, "रडू नको. मलापण गेल्या वर्षी एकदा मिळाला होता. उद्या शहाणी राहिलीस की चांगलं मिळेल." आणि मग हळूच, "पण बागुलबुवाला सांग ना, येऊ नको म्हणून."

त्या बटाट्याची मी दुपारी काचऱ्यांची भाजी केली. चौघांनी दोन-दोन घास वाटून खाल्ली. हसून हसून पुरेवाट झाली, पण मनातून मला काही चैन पडेना. मुलाला बटाटा मिळाला तर दुसऱ्या दिवशी त्याचे नारिंग होते. माझ्या बागुलबुवाला मात्र दुसरा दिवसच नव्हता. तो यायचा तो भीती घालायला, आणि ती तशीच ठेवून जायचा.

काळ्या किल्ल्यांच्या गावाला

शनिवारी आम्ही उत्तरेला निघालो. रेक्याविकहून आकुरेरीपर्यंत विमानाने पाऊण तास. आकुरेरी हे खाडीच्या टोकावरचे नेटके गाव. तिथल्या वाहतुकीच्या सिग्नलचा लाल दिवा बदामाच्या आकाराचा आहे. नातू प्रत्येक सिग्नल लाल व्हावा म्हणून प्रार्थना करत होता. तिथून मोटारीने मीवात्न तलावाकडे जाताना वाटेत गोदाफॉस, म्हणजे देवांचा धबधबा लागतो. इ. स. १००० च्या सुमारास आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा तिथल्या एका पुढाऱ्याने आपल्या जुन्या देवांच्या मूर्ती या धबधब्यात सोडल्या, अशी कथा आहे. अर्धवट गोठलेल्या त्या पाण्याकडे बघताना मला आपले विसर्जन आठवले. देव पाण्यात सोडले, पण डोंगरातली राक्षसीण आणि तिची पोरे मात्र लोकांनी ठेवून घेतली.

मीवात्नच्या काठाला दिम्मुबोर्गिर आहे. या नावाचा अर्थच 'काळे किल्ले'. सुमारे २३०० वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे तळे साचले. वरचा थर थिजला, खालचा वाहून गेला आणि मागे उरले हे खांब, कमानी, भगदाडे. काही तर दोन-तीन माणसांएवढे उंच. बर्फाची पांढरी कड प्रत्येकाला. दुपारचा दीड वाजला होता आणि उजेड संध्याकाळचा. हे तेरा भाऊ इथेच राहतात, असे तिथले लोक सांगतात. डिसेंबरात ते ठरलेल्या वेळी मुलांना भेटतातही.

आम्ही वाटेने चाललो असताना एका खांबाआडून जाडजूड लोकरीचे कपडे, लांब दाढी आणि वेडीवाकडी टोपी घातलेला एकजण धडपडत बाहेर आला. दुसरा वर खडकावर बसून दुर्बिणीसारखी मूठ डोळ्याला लावून आमच्याकडे बघत होता. मुले किंचाळली, पण ते किंचाळणे हसण्याच्या आधीचे. एक लहानगी आईच्या मागे दडली, तसा तो दाढीवाला ताबडतोब चार पावले मागे सरला, बर्फात फतकल मारून बसला आणि स्वतःच घाबरल्याचे सोंग करून टोपीआड लपला. ती मुलगी बाहेर आली आणि त्याला समजावू लागली. मला भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण काय चालले आहे ते पुरते कळले.

परत मोटारीत बसल्यावर मी नातवाला म्हटले, "तुला एक खरं सांगू का? आमचा बागुलबुवा आहे ना, त्याचं मी तुला चुकीचं सांगितलं. तो धरून न्यायला येत नाही. त्याला भाताची खरवड फार आवडते. पण लाजाळू आहे. कुणी बोलावत नाही, म्हणून जिन्याखाली बसतो."

तो बराच वेळ विचार करत राहिला. "म्हणजे चौदावा?"

"चौदावा."

"मग त्याला आमच्याकडं जिना नाही. कुठं बसेल?"

पुढच्या सीटवर बसलेली लेक खिडकीबाहेर पाहत होती. तिने मागे वळून पाहिले नाही, पण म्हणाली, "कपड्यांच्या कपाटात जागा करू या."

त्या रात्री पाहुण्यांच्या घरात उतरलो होतो. नातवाला एकच काळजी, की भावाला आपला नवा पत्ता कळेल का. कळला. सकाळी त्याच्या बुटात छोटी शिट्टी होती. माझ्या चपलेत एक बदाम! शहाणी ठरले होते.

कातण्याने कोरलेली पोळी

रेक्याविकला परतल्यावर खालच्या मजल्यावरच्या आजींनी आम्हाला एका संध्याकाळी बोलावले. त्यांच्याकडे त्या दिवशी नाताळची पानपोळी करायची होती. सगळे कुटुंब जमले होते. मैद्याची पोळी इतकी पातळ लाटायची, की खालचे टेबल दिसावे. मग तिच्यावर सुरीने किंवा पितळी चाकाने पानांची नक्षी कापायची, टोके उलटी मुडपायची आणि तळायची. ते चाक हातात घेतले आणि मी ओरडलेच, "अगं, हे तर आपलं करंजीचं कातणं!" त्यांचे जरा रुंद, एवढाच फरक. लहान मुलांना वेगळ्या पोळ्या दिल्या होत्या. त्यांनी हवे तसे कापावे, वाकडे झाले तरी तळायचे आणि नाव सांगून ताटात मांडायचे.

मला इंग्रजी मोडकेतोडके येते, त्यांनाही तसेच. त्यामुळे आमचे छान जमले. मी त्यांना बटाट्याची हकिगत सांगितली. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग त्यांनी जे सांगितले, ते ऐकून मी थक्क झाले.

हे भाऊ पूर्वी असे नव्हते. ग्रीलाचा उल्लेख तेराव्या शतकातल्या लिखाणातही सापडतो. पुढे सतराव्या शतकात तिची सांगड नाताळशी पडली. ती हट्टी पोरांना पोत्यात घालून नेते आणि शिजवून खाते, असे सांगत. तिची ही पोरेही भयंकर होती. शिवाय तिचे एक भले मोठे मांजर. नाताळला ज्याच्या अंगावर नवे कपडे नसतील त्याला ते मट्ट करते. (त्या डिसेंबरात रेक्याविकच्या चौकात दिव्यांचे केलेले ते मांजर मी पाहिले. घराएवढे!) आईबाप मुलांना या सगळ्यांचे इतके भय घालत, की १७४६ साली सरकारी फर्मान निघाले: मुलांना या असल्या भुताखेतांची भीती दाखवायची नाही. आइसलँडवर तेव्हा डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती.

म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका राज्याला कायद्याने सांगावे लागले, की पोरांना घाबरवू नका! मला वाटले, हे फर्मान कुणीतरी साताऱ्यातही आणून लावायला हवे होते.

पण नुसत्या फर्मानाने सवयी जात नाहीत. १८६२ साली योन आर्नासोन यांच्या लोककथांच्या संग्रहात तेरा भावांची नावे छापली गेली. मग १९३२ साली योहानेस उर कोत्लुम या कवीच्या मुलांसाठीच्या पुस्तकात या तेरा भावांवर एक कविता आली. तेव्हापासून हीच नावे आणि हाच क्रम घरोघर ठरला. खिडकीतल्या जोड्याची पद्धत तर त्याहून अलीकडची, विसाव्या शतकात बाहेरून आलेली. म्हणजे मी जिला युगानुयुगांची रूढी समजत होते, ती आमच्या शेजारच्या आजींच्या हयातीत घराघरांत रुजली होती. लोकांनी राक्षसीण डोंगरातच ठेवली, पोरांचे दात काढले आणि त्यांच्या हातात नारिंग दिले.

तेरावी रात्र

२४ तारखेला संध्याकाळी ६ वाजता रेक्याविकमध्ये चर्चच्या घंटा वाजतात आणि नाताळ सुरू होतो. रस्ते एकदम रिकामे होतात. शेजारच्या आजींनी पाठवलेल्या पानपोळीच्या ताटाशेजारी आम्ही मसालेभात आणि कढी मांडली. नातवाने सकाळीच शेवटचा जोडा तपासला होता. मेणबत्ती पळवणाऱ्या भावाने त्याच्यासाठी मेणबत्तीच ठेवली होती. ती त्याने निरांजनाशेजारी लावली.

माझ्या चपलेत एक घडी केलेला कागद होता. उघडला, तर आत खडूने काढलेले चित्र: ढेरपोट्या, आखूड पायांचा, डोक्यावर पागोटे, हातात पातेले, तोंडाला भात चिकटलेला. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत 'बागुलबुवा'.

मी ते लेकीपुढे धरले. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग हसली आणि म्हणाली, "असा होता होय! मला वाटायचं, फार उंच असेल."

मी तिला तेव्हा "चुकलं माझं" असे म्हणाले नाही. आपल्याकडे आया लेकींना असे म्हणत नाहीत. मी तिच्या ताटात भाताची खरवड वाढली. लहानपणी ती तिला आवडायची.

घरी सुरू करायचे तर

आइसलँडचे भाऊ आइसलँडचेच. ते उसने आणायला हवेत असे नाही. पण नाताळच्या सुट्टीत घरातल्या लहानग्यांसाठी असा काही खेळ सुरू करावासा वाटला, तर त्या तेरा रात्रींनी मला शिकवलेल्या चार गोष्टी सांगते.

दिवस मोजके आणि ठरलेले असावेत. कधी सुरू, कधी संपणार, हे मुलाला माहीत असले म्हणजे वाट पाहण्यातच निम्मी मजा येते. वस्तू अगदी क्षुल्लक हवी. शिट्टी, बोर, चित्रातले एक पान. महागडी खेळणी आली की पोराचे लक्ष पाहुण्याकडे राहत नाही, किमतीकडे जाते. घरात कुणीतरी एकाने रोज आठवण ठेवायला हवी. एक सकाळ बूट रिकामा राहिला तर समजूत घालणे अवघड.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या पाहुण्याचा धाक म्हणून उपयोग करू नये. "थांब, त्याला सांगते" असे एकदा म्हटले, की त्याचा पुन्हा बागुलबुवा झालाच म्हणून समजा. बटाटा ठेवायचाच तर मोठ्यांच्या चपलेतही ठेवावा. आजीलाही शिक्षा होते आणि आजी ती हसून खाते, हे पाहिल्यावर मुलाला बटाट्याची भीती उरत नाही.

नातू आता मोठा झाला आहे. जोड्यात कोण काय ठेवते, हे त्याला केव्हाच कळले. मला वाटले होते, त्या दिवशी तो हिरमुसेल. पण लेकीचा फोन आला तो वेगळाच. त्याला धाकटी बहीण झाली आहे, आणि डिसेंबर लागला की तीन-चार वर्षांची ती पोर झोपल्यावर हाच पायांचा आवाज न करता खिडकीशी जातो. तिच्या जोड्यात काय ठेवायचे, याची यादी वहीत करतो.

मागच्या नाताळात त्याने मला फोनवर दबक्या आवाजात विचारले, "आजी, बागुलबुवाचा दिवस कोणता ठेवू? पंचवीस तारीख चालेल?"

मी म्हटले, "चालेल. फक्त तळाला थोडा भात लागू दे."